रेवाचा गाल

२०१७, ऑगस्टचा दुसरा रविवार, न्यूझीलंडमधलं अप्पर हट गाव. हजर : माझी मैत्रीण नीलिमा, हॉस्पिसमधून चार तासांच्या सुटीवर, तिचा नवरा सुहास, पंधरा वर्षांची मुलगी रेवा, आणि मी. ही आमची शेवटची भेट. नवव्या दिवशी नीलिमा गेली.

मला याद्या करायची सवय आहे. तिच्या आजारपणात औषधं, डबे, रेवाला स्टेशनवर सोडणं-आणणं, सगळं मी यादीबरहुकूम पार पाडलं. एक काम मात्र बिघडवलं. नीलिमा रेवाचं तैलचित्र करत होती. एरवी ती पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करून द्यायची. तो लवकर वाळतो. मग वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत जायची. पण केमोनंतर तिला टर्पेंटाइनचा वास सोसेना, म्हणून गाल तिने सुरुवातीपासून तेलातच रंगवला. तो वाळेचना, आणि वाळल्याशिवाय शेवटचा थर देता येईना... हॉस्पिसमधून रोज विचारायची, "वाळला का गं?" तिच्याकडे दिवस उरले नव्हते. मी यादीत 'गाल वाळवणे' असं लिहिलं आणि कॅनव्हास हीटरसमोर ठेवला. दोन दिवसांत वर साय धरली, तिला सुरकुत्या पडल्या. आतला रंग ओलाच.

त्या रविवारी मी काही बोलायच्या आतच तिने ते पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या पोरीला म्हातारी केलीस की गं!"

मला रडू आवरेना.

"रडतेस काय? तेवढा गाल खरवडून टाक. आतून नाही वाळायचा आता. रेवा रंगवेल नव्याने. आधी टर्पेंटाइन, मग तेल. लिही तुझ्या यादीत."

मी लिहिलं. ब्रश धरायचं बळ तिच्यात नव्हतं. तिने त्या सुरकुतलेल्या गालावर नुसतं बोट टेकवलं.

परवा, सहा आठवड्यांनी, रंग खरवडायचा चाकू घेऊन त्यांच्या घरी गेले. पातं टेकवणार तोच रेवा म्हणाली, "मावशी, डोन्ट. शी टच्ड इट."

सायीवर बोटाचा ठसा होता. रेषान् रेष दिसत होती.

"आईनेच सांगितलंय, बाळा."

"आय नो... प्लीज."

सुहास खिडकीबाहेर बघत राहिला. मी चाकू पर्समध्ये ठेवला.

दर सोमवारी नवी यादी करते. झालेली कामं खोडते, राहिलेली पुढे घेते. या सोमवारीही पहिल्या ओळीत लिहिलं : गाल खरवडणे.