वाचलं ते राहू द्या, केलं काय?

वेळ संध्याकाळी सहाची. ठिकाण भोकरदनच्या बसस्टँडमागची एक सरकारी खोली. आत पुस्तकांचं एक लाकडी कपाट, एक लांब टेबल आणि भिंतीला लावलेले बाक. काळ नव्वदच्या आसपासचा, जालना जिल्हा अजून नवाच होता.

मी जालन्याच्या एका दैनिकाचा भोकरदनचा बातमीदार. आयुष्यभर खड्डे, टँकर आणि उद्घाटनं लिहिली. ती कात्रणं कुठं गेली कोण जाणे! पण या खोलीतले किस्से न लिहिताच साठत गेले. जुनी मंडळी चहाला बसली की एक निघतो आणि त्याचं बोट धरून दुसरा येतो. कोणी स्टेजवरून म्हणालं, "आपल्या भागातली माणसं वाचत नाहीत हो," की माझं डोकं अजून फिरतं. अशा एकेकाला धरून या बाकावर बसवायला पाहिजे होतं!

खोली चालवायचे वाघ गुरुजी. प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले, आवाज मात्र अजून भरल्या वर्गाचा. वर्गणी नव्हती, नियम एकच होता. पुस्तक परत करताना सगळ्यांसमोर उभं राहायचं. गुरुजी विचारणार, "वाचलं ते राहू द्या. केलं काय?" उत्तर पटलं नाही तर तेच पुस्तक पुन्हा घरी!

*

जालना गाडीचे कंडक्टर रज्जाकभाई यांना कंबरदुखी. त्यांनी योगासनांचं पुस्तक नेलं.

एकदा गाडी भरली, ड्रायव्हर बसला, कंडक्टरचा पत्ता नाही. शोधत शोधत ड्रायव्हर विश्रांतीच्या खोलीत गेला, तर भाई भिंतीला पाय लावून डोक्यावर उभे!

"भाई, टाइम झाला ना! पब्लिक बोंबलून राह्यली!"

"जल्दी नको करू," खालून आवाज आला. "एकदम उतरलं तर चक्कर येती. बराबर लिवलंय पुस्तकात."

ड्रायव्हर परत आला आणि खिडकीतून प्रवाशांना म्हणाला, "कंडक्टर उलटे हायत. सरळ झाले की निघू."

त्या संध्याकाळी गुरुजींनी नेहमीचा प्रश्न विचारला. रज्जाकभाई म्हणाले, "मी कायले सांगू? अख्खी गाडी साक्षीला हाये!"

कंबर मात्र खरोखर बरी झाली. पुढं पन्नाशीला आलेला हा माणूस इंग्रजी शिकला. तिकिटं फाडता फाडता पाठ म्हणायचा.

*

केशरताई शेजारच्या खेड्यात अंगणवाडी सेविका. रोज रज्जाकभाईंच्याच गाडीनं परत यायच्या आणि घरी जाण्याआधी तासभर खोलीत बसायच्या. दहावी होऊन लग्न झालेलं. त्यांना मुख्यसेविका व्हायचं होतं, त्यासाठी खात्याची परीक्षा होती. घरी पुस्तक उघडलं की सासू हातात निवडायचं सूप द्यायची. वाचायला जागा ही एवढीच.

एकदा त्यांनी शिलाई मशीन दुरुस्तीचं पातळसं पुस्तक नेलं. घरच्या मशीनचा दोरा सारखा तुटायचा. त्यांनी मशीन पार खोलली. सासूनं अंगणात जाऊन हाळी दिली, "आवो, या बाईनं मशीनीचं पोस्टमॉर्टेम केलं हो!"

पुस्तक परत आलं तेव्हा केशरताईंनी त्यावर एक स्क्रू ठेवला.

गुरुजींनी चष्मा वर केला. "हे काय?"

"मशीन जोडली, गुरुजी. चालून राह्यली चांगली. हा तेवढा उरला."

"मग हा कुठला?"

"तेच तर इचारायलेय. पुस्तकात याचं कायच न्हाई!"

गुरुजींनी स्क्रू टेबलाच्या खणात जपून ठेवला. महिन्याभरात आजूबाजूच्या गावांतून बाया केशरताईंकडं मशिनी घेऊन यायला लागल्या. रज्जाकभाई त्या टपावर चढवायचे आणि ओरडायचे, "ताई, आज एक पेशंट आणलाय!"

*

नियमापुढं सगळे सारखे. एक होतकरू पुढारी होते, त्यांनी व्यक्तिमत्त्व विकासाचं पुस्तक नेलं. परत करताना छाती काढून म्हणाले, "गुरुजी, मी बदललो!"

गुरुजींनी बाकाकडं पाहिलं. "कोणाला दिसलं का?"

तिथून रज्जाकभाई म्हणाले, "तिकीट तर अजून न्हाई काढत साहेब!"

पुस्तक पुन्हा घरी गेलं. पुढच्या खेपेला साहेबांनी खिडकीतून हात बाहेर काढून, स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात तिकीट मागितलं. गुरुजी म्हणाले, "सुरुवात आहे."

मीही सुटलो नाही. सोपं कसं लिहावं यावरचं पुस्तक नेलं आणि एक बातमी चार ओळींत लिहून धाडली. संपादकांचा जालन्याहून फोन आला, "तब्येत बरी आहे ना तुमची?"

*

मग एक दिवस खोलीला कुलूप लागलं. पितळी, नवंकोरं. नोटीस नाही, चिठ्ठी नाही. परीक्षा तोंडावर आलेली आणि केशरताईंचं बालविकासाचं जाड पुस्तक आत टेबलावर. गुरुजींनी ते एका जुन्या विद्यार्थ्याकडून औरंगाबादहून मागवलं होतं, दुसरी प्रत नव्हती. खिडकीच्या गजांतून ते दिसायचं, हात पोचायचा नाही.

मी पेटलो. एका ऑफिसात गेलो, त्यांनी दुसऱ्याकडं बोट दाखवलं. दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. तिसऱ्या साहेबांनी मला चहा पाजला आणि विचारलं, "अशी खोली आहे का तिथं?"

बातमी छापली. पुन्हा छापली. या वेळी लांबलचक, विशेषणांसकट! कुलूप हललं नाही.

तोवर केशरताई स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीत कंडक्टरच्या सीटवर बसून वाचायच्या, जुन्या वह्या, जे हाताशी असेल ते. रज्जाकभाई चढणाऱ्यांना दटावायचे, "ओ मामा, हळू! परीक्षा चालू हाये!" पण नेमके हवे ते धडे त्या जाड पुस्तकातच होते. एका संध्याकाळी ताई गाडीतून उतरल्या आणि मला म्हणाल्या, "या वर्षी जमत न्हाई वाटतं, भाऊ." मला आणखी एक बातमी लिहिण्याशिवाय काही सुचेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं खोलीबाहेर उभे होतो. रज्जाकभाई दगड शोधत होते, गुरुजी त्यांना अडवत होते. केशरताई आल्या. कुलपाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दारावरची कडी न्याहाळली, पिशवीतून मशीनचा पेचकस काढला आणि भर उजेडात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, कडीचे स्क्रू सोडवायला लागल्या. कडी बसवणाऱ्या ठेकेदारानं ते बाहेरच ठेवले होते. कडी दारापासून सुटली आणि कुलपासकट चौकटीला लोंबत राहिली. दार उघडलं.

आत जाऊन गुरुजी आपल्या खुर्चीत बसले. टेबलावर बोटभर धूळ. केशरताईंनी कडीचे स्क्रू त्यांच्यापुढं ठेवले.

"मशीनच्या पुस्तकात पयलंच हाये, गुरुजी. जोर लावू नका, आधी स्क्रू पाहा."

गुरुजींनी खण उघडला, जुना स्क्रू काढला आणि या स्क्रूंशेजारी ठेवला. प्रश्न विचारायचा त्या दिवशी राहून गेला.

केशरताई पास झाल्या. पुढं कितीतरी वर्षं मुख्यसेविका म्हणून त्या याच गाडीनं गावोगाव फिरल्या.

आठवड्याभरानं एक जमादार चौकशीला आले. "सरकारी कुलूप कोणी तोडलं?"

खोली भरलेली होती. सगळ्यांनी पुस्तकातून माना वर केल्या. गुरुजींनी चौकटीकडं हात केला. जमादारांनी कुलूप हातात घेतलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. बंद होतं, घट्ट.

"तुटलेलं न्हाई हे," ते म्हणाले.

"बिलकुल न्हाई," रज्जाकभाई म्हणाले. "ज्यांनी लावलं त्यांना सांगा, किल्ली घेऊन या आन् घेऊन जा."

जमादारांनी विचारलं, "लावलं कोणी?"

खोली पुढं अनेक वर्षं रोज संध्याकाळी सहाला उघडत राहिली, आणि ते कुलूप चौकटीला तसंच बंद लटकत राहिलं. किल्ली घेऊन अजून कोणी आलेलं नाही.