वहिनींचा पासवर्ड

मधुकाका गेल्याचा फोन बाबांनीच घेतला. शहाडहून, काकाच्या शेजाऱ्यांचा. दाढी अर्धी झालेली, एका गालावर साबण तसाच. "बरं... निघतो," एवढंच फोनवर म्हणाले. मग आईला सांगितलं, की मधू गेला, कपडे धुता धुता खाली बसला तो उठलाच नाही. अर्ध्या दाढीनिशी जिना उतरून त्यांनी गाळ्याचं शटर अर्धं वर केलं, पुन्हा खाली ओढलं आणि कुलूप लावलं. दोन वर्षं हे सख्खे भाऊ एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं नाही, फार दमल्यासारखं झालं. दोन हट्टी माणसांच्या मधे उभं राहून निरोप पोचवणाऱ्याचे पाय कसे दुखतात ते मला विचारा.

आमचा डीटीपीचा धंदा डोंबिवलीत, राहत्या इमारतीच्याच तळमजल्यावर. ऐंशीच्या दशकात बाबांनी तिथे छपाईचे खिळे जुळवायचं काम सुरू केलं तेव्हा मधुकाका ठाण्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होता. युनिक्स ही मोठ्या कॉम्प्युटरांची प्रणाली तो तिथे शिकला आणि मग त्याला दुसरं काही गोडच लागेना. नोकरी सोडून तो बाबांकडे आला आणि आमच्या गाळ्यातले खिळे भंगारात गेले, कॉम्प्युटर आले. लग्न त्यानं केलं नाही. शहाडला एका खोलीत एकटा राहायचा, दुपारचं जेवण मात्र आमच्याकडे, आईच्या हातचं. काकाला कामात बुडाला की तारखेचं भान नसे, आणि बाबांना तारखेपलीकडे दुसरा देव नाही. ही मोट इतकी वर्षं बांधलेली राहिली ती आईमुळे.

सुटली ती एका दिवाळी अंकामुळे. ऐन हंगामात काकानं सगळ्या फाइली नव्या व्यवस्थेत हलवायला घेतल्या, त्या अडकल्या, आणि कल्याणच्या एका संपादकांचा दिवाळी अंक भाऊबीज उलटल्यावर बाहेर पडला. धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. ते संपादक गाळ्यात येऊन खुर्चीवर नुसते बसून राहिले. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "मध्या, आपलं जमायचं नाही." काका म्हणाला, "नाही जमायचं, दादा." दोघांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं ते शेवटचं. आठवड्याभरात गाळ्यात मधोमध प्लायवुड उभं राहिलं, गिऱ्हाइकं वाटली गेली, आणि काकाचं दुपारचं जेवण खानावळीतून येऊ लागलं. मी बाबांच्या बाजूला होते. म्हणजे पगारापुरती.

वाटणी झाली नाही ती एका केबलची. पावसाळ्यात गाळ्यात पाणी शिरतं, म्हणून फाइली ठेवायची दोन मोठी मशिनं वर, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत होती. त्यातलं एक आता काकाचं, एक बाबांचं. पण वरून खाली जाणारी केबल एकच, आणि तिच्यावरून कुणालाही कुणाच्याही फाइली दिसत. दुसरी केबल टाकायला भिंतीला भोक पाडावं लागणार, आणि सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, एकदा पाडू दिलं, पुन्हा नाही, भावांनी काय ते आपसांत मिटवा. आपसांत मिटवण्यासारखं असतं तर भोक कशाला लागलं असतं?

तेव्हा काकानं मला प्लायवुडच्या टोकाशी बोलावून सांगितलं, "दादाला सांग, एकाच तारेतून दोन वेगळी नेटवर्कं नेतो. ह्याच्या फाइली त्याला दिसणार नाहीत." असं करणारे तयार नेटवर्क स्विच बाजारात होते, पण आमच्या ऐपतीबाहेरचे. काकानं दोन जुने पीसी घेतले, एक वर, एक खाली. प्रत्येकात तीन-तीन नेटवर्क कार्डं खोचली आणि एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून युनिक्सच्याच जातीचं लिनक्स चढवलं. तारेतली कुठली फाइल कुणाची हे खुणेवरून ओळखायची अक्कल त्या लिनक्समध्ये नव्हती, ती इंटरनेटवरून वेगळी उतरवून घ्यायची आणि सगळं पुन्हा बांधून काढायचं. तो दिवसदिवस पडद्यावरून सरकणाऱ्या ओळींकडे बघत बसायचा, चष्मा कपाळावर चढवून.

हे काय चाललंय, असं आईनं विचारलं तेव्हा त्यानं तिला पिठाची गिरणी सांगितली. गिरणीत सगळ्यांचे डबे एकाच रांगेतून जातात, पण प्रत्येकावर चिठ्ठी असते, म्हणून आपल्या गव्हात दुसऱ्याची ज्वारी येत नाही. ही खोकी तसंच करतात. तारेत शिरताना फायलीच्या प्रत्येक तुकड्यावर चिठ्ठी लावतात, बाहेर काढताना चिठ्ठी बघून ज्याचा त्याला देतात. पहिल्या दिवशी लहान फाइली सुरळीत गेल्या आणि मोठ्या मधेच अडकल्या. बाबा मला म्हणाले, सांग त्याला, हंगाम जवळ आलाय. दोन दिवसांनी काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन आईला म्हणाला, "सापडलं, वहिनी. डबा शिगोशीग भरला की वर चिठ्ठीला जागा राहत नाही, झाकण लागत नाही. जरा कमी भरायला हवा." मग आवाज किंचित चढवून म्हणाला, "दादाचा डबा नेहमीच शिगोशीग."

आतल्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. ऐकू गेलं असणार, घर ते केवढं. त्यांनी मला आत बोलावून विचारलं, ह्या खोक्यांचा मुख्य पासवर्ड कुणाकडे? म्हणजे मनात आणलं तर माझी कामं तो बघू शकणार ना? हा निरोप मला बाहेर न्यावा लागला. नेताना लाज वाटली. काका सरळ स्वयंपाकघरात गेला.

"वहिनी, कपाटाच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला?"

"माझ्या."

"मग ही पण ठेवा. पासवर्ड तुम्ही ठरवायचा, तुम्हीच टाइप करायचा. मला नको, दादाला नको."

आईनं आयुष्यात कीबोर्डला हात लावला नव्हता. पदराला हात पुसून ती खुर्चीवर बसली आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत तिनं तो लिहिला. "तोंडं फिरवा," काका म्हणाला, "वहिनी लिहितायत." मी खिडकीकडे वळले. मनात आणलं असतं तर काका ते कुलूप चुटकीसरशी तोडू शकला असता, हे मला माहीत होतं, आणि बहुधा बाबांनाही. त्यानं कधीच तोडलं नाही.

त्यानंतर काही बदलायचं झालं, की काकाला वर यावं लागे आणि आईला बोलवावं लागे. बदलायचं मात्र सारखं निघे. आज एक मशीन ह्या कार्डावरून त्या कार्डावर, पंधरा दिवसांनी तेच परत पहिल्या जागी. शिकायला म्हणून मी शेजारी बसायचे, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आईला सांगितलं, अगं, ह्यातलं निम्मं काम कामच नाही. ती म्हणाली, "कळतं मला. तू आलं किस." चहा व्हायचा, कधी घावन. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं असायचं. आत बाबांच्या हातात पेपर, आणि काका असेपर्यंत त्याचं पान उलटल्याचा आवाज कधी आला नाही. आई काकाला म्हणायची, आत जा. बाबांना म्हणायची, बाहेर या. दोघांचं उत्तर एकच, आधी त्यानं बोलावं. आईला वाटत होतं, ह्या चहावर कधीतरी गाडी रुळावर येईल. मलाही वाटायचं. वायटूकेमुळे, दोन हजार साल लागताच कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून सगळं जग घाबरलं होतं, आणि आम्ही दोघी ह्या दोन बंद पडलेल्या माणसांपाशी बसलो होतो.

काका पितृपक्षात गेला. तेराव्यानंतर गाळा उघडला तर कल्याणचे तेच संपादक दारात उभे. ते बाबांना सोडून काकाकडे गेले होते हे मला तेव्हा कळलं. ज्यानं अंक बुडवला त्याच्याचकडे! म्हणाले, मधूनं शब्द दिला होता, ह्या वर्षी वेळेवर. अर्धा अंक काकाच्या मशीनवर होता. बाबांच्या बाजूनं तो दिसत नव्हता, काकानं काम चोख केलं होतं. बाबा मला म्हणाले, "दोन्ही एक कर. आता कुणापासून वेगळं ठेवायचं?"

आम्ही वर आलो. आई येऊन बसली. तिच्या सवयीनं म्हणाली, "तोंडं फिरवा." मी खिडकीकडे वळले. बाबा आजवर ह्या वेळी बाहेर कधी आलेच नव्हते, त्यांना कळेना कुठे वळायचं.

"मधू कुठे बघत उभा राहायचा?"

आई अक्षर शोधत होती. "तुमच्या दाराकडे," ती म्हणाली.

बाबा तिकडे वळले. अर्धवट उघडं दार, आतली रिकामी खुर्ची, तिच्यावर घडी न मोडलेला पेपर. आईचं एक बोट सावकाश चाललं होतं, मधेच डोळे पुसायला थांबत होतं. मग तिनं शेवटचं बटण दाबलं. "झालं," ती म्हणाली, "वळा आता."

बाबा वळले नाहीत.