मंगळवारचं वारं

सुपात भात होतं, हात डोक्याच्या वर होते, आन वारा पडला.

मी तशीच उभी ऱ्हायली. कधीकधी वारा दमतो नि परत येतो. पण समोरच्या सागाचं पान हललं नाय.

"काकू, काय झालं?" खळ्याचा मालक बाळू बोलला.

"वारा पडला."

"कुठं?"

"इथंच."

माझं काम उपणणीचं. भात झोडलं की दाण्याबरोबर काड्या, भुसकाट, पोकळ दाणे, सगळंच येतं. तिवईवर उभं ऱ्हायचं, सूप उंच धरायचं नि हळूहळू सोडायचं. भरलेला दाणा जड, तो पायाशी पडतो. पोकळ हलका, त्याला वारा लांब नेतो. मी फक्त सोडते. निवडायचं काम वाऱ्याचं. धसईच्या आजूबाजूची खळी मी लग्न होऊन आली तेव्हापासून उपणते. आता लोकं पंख्यावर उपणतात. बाळूनं पण पंखा आणलेला, तो पहिल्याच दिवशी जळला.

मजुरी भातातच. खळं साफ झालं की त्यातनं माझा वाटा निघतो. त्याच्यावर आमी दोघं वर्षभर जेवतो. आमचा म्हातारा आडवा हाय. लावणीच्या टायमाला त्याच्या अंगावरनं वारं गेलं. डॉक्टर लकवा बोलले. तेव्हापासून कमावणारी मी एकटीच.

आन त्या सोमवारी आभाळ भरून आलेलं. खळ्यात ढीग उघडा. पाऊस पडला असता तर त्याला कोंब फुटले असते. बाळूचं भात गेलं असतं, नि मला वाटा मिळाला असता कोंबांचा. झाकायला बाळूकडं एक फाटकी ताडपत्री. ती ढिगाच्या अर्ध्यावर पण येत नव्हती.

खळ्याच्या वरच्या माळावर एका कंपनीनं टॉवर लावलेला. लोखंडी खांब, वर तीन वाट्या गरगर फिरायच्या. वारा किती हाय ते त्यात कळतं म्हणं. पुरेसा निघाला तर पवनचक्क्या लागणार होत्या. आज त्या वाट्या पण थांबलेल्या. टॉवरवाले सर वाट्यांकडं बघून कंटाळले नि खाली खळ्यावर आले. नायर सर. माणूस केरळचा, पण मराठी शिकलेला, एकदम पुस्तकातली.

"आजी, मला थोडी माहिती हवी आहे. तुमच्याकडे वारं येतं ना?"

"माझ्याकडं नाय. माझ्या थोरल्या जावेकडं येतं."

सरांनी मोबाइल काढला. "त्यांचं घर कुठे?"

"ते काय, वडाच्या बाजूला."

"तिथे वारं नक्की केव्हा येतं?"

"मंगळवारी."

"दर मंगळवारी?"

"अमावाशेला पण येतं. पण मंगळवार चुकत नाय."

सरांना येवढा आनंद झाला की ते ढिगावरच बसायला लागले. बाळूनं हात धरून उठवलं.

"जोर किती असतो?"

"धरायला चौघं लागतात."

"वस्तू वगैरे उडतात?"

"भांडी उडतात."

"आणि दिशा?"

"घरातनं निघतं, वडाला फेऱ्या मारतं."

"म्हणजे चक्राकार," सर बोलले नि मोबाइलमध्ये टाकलं. "थांबतं कधी?"

"लिंबू उतरवलं की."

"लिंबाचं झाड?"

"झाड नाय वो. फळ."

ते पण टाकलं. "गेल्या वर्षात सर्वात मोठं वारं कोणतं?"

"आमच्या म्हाताऱ्याच्या अंगावरनं गेलं ते."

"अरेरे. कोणत्या बाजूने?"

"डाव्या."

"नुकसान?"

"एक हात, एक पाय, अर्धं तोंड."

सरांचं बोट थांबलं. "फार वाईट झालं, आजी."

"व्हय. काय करणार."

मला काय वावगं वाटलं नाय. ऑफिसची लोकं कशाचा पण सर्वे करतात. मागं एकजण घरोघरी संडास मोजून गेलेला. बाळू गालात हसत होता, मला वाटलं दात दुखतोय.

मंग मी विचारलं, "सर, माझा वारा कधी येईल? उपणायचा?"

सरांनी नीट सांगितलं. ऊन पडलं की जमीन तापते, तिच्यावरची हवा तापते. तापली की हलकी होते, वर जाते. तिथला दाब कमी होतो. मंग शेजारची थंड जड हवा ती जागा भरायला धावते. ते धावणं म्हंजे वारा. दुपारी तो समुद्राच्या अंगानं येतो, कारण जमीन लवकर तापते नि पाणी तापत नाय. सांजेला डोंगर आधी थंड होतो, तिकडची जड हवा उतारानं खाली घसरते. "आता ढग आहेत. जमीन तापत नाही, डोंगरही निवत नाही. म्हणून सगळं ठप्प."

"म्हंजे जमीन तापवली तर वारा येल?" बाळूनं विचारलं.

"तत्त्वतः," सर बोलले.

हाच शब्द नडला. तत्त्वतः म्हंजे काय, आमच्यात कुणाला ठाव नव्हतं. बाळूला वाटलं, नक्की.

आन त्यानं बघितलेलं पण होतं. आमच्याकडं उन्हाळ्यात राब भाजतात. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, गवत पसरायचं नि पेटवायचं. राब पेटला की चहूकडनं वारा आत ओढतो, लुगड्याचा पदर पण तिकडंच जातो. बाळू बोलला, "काकू, उद्या राब भाजू."

"थंडीत?"

"सर बोलले ना."

मंगळवारी सकाळी बाळूनं खळ्याच्या उगवतीला पाला, गवत, निम्मा पेंढा रचला. मी मावळतीच्या बाजूला तिवई ठेवली, पाठ मावळतीला केली. त्यानं पेटवलं. जाळ वर चढला, आन खरंच गो, माझ्या पाठीवर वारा आला. सूप सोडलं. दाणा पायाशी, भुसकाट सरळ जाळात. येवढं साफ भात मी मशीनीचं पण बघितलं नाय. ढीग खाली यायला लागला. वरती वाट्या गरगरायला लागल्या.

तेवढ्यात जीप आली. सरांनी ऑफिसला कळवलेलं, मंगळवारी वारं येतं, बघायला या. आतनं मोठे साहेब उतरले. उतरताच त्यांची टोपी उडाली नि जाळाकडं गेली.

"नायर, यू वेअर राइट!"

"मंगळवार, सर," नायर सर बोलले. छाती अशी फुगलेली.

आन तिकडं ढोल वाजला. माझी जाव घरातनं निघाली. केस मोकळे, कपाळभर कुंकू, मागं चौघं, त्यांच्या मागं हळदीच्या पाण्याचा हंडा घेऊन तिची सून.

"हे काय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"वारं आलंय, साहेब," बाळू बोलला.

"ते दिसतंय. यांना काय झालंय?"

"तेच."

साहेब बाळूकडं बघत ऱ्हायले. बाळू त्यांच्याकडं. मी सूप सोडत ऱ्हायली, मला थांबायला टाइम नव्हता.

मंग व्हायचं ते झालं. जाळात गेलेलं भुसकाट पेटलं, ठिणग्या वर चढल्या नि पलीकडं जावेच्या पेंढ्याच्या उडवीवर पडल्या. जाव वडाची दुसरी फेरी मारत होती. अर्ध्यात थांबली. डोळे ताठ झाले.

"मेल्यांनो! माझी उडवी!"

चौघांना झटकून तिनं सुनेच्या हातातला हंडा ओढला, अर्धा उडवीवर, अर्धा राबावर. मंग ढोलवाल्यापासून जीपच्या डायवरपर्यंत सगळ्यांनी विहिरीचं पाणी मारलं. राब विझला. वाट्या थांबल्या. जाव केस बांधत बाळूला शिव्या द्यायला लागली, एकदम आपल्या रोजच्या आवाजात.

नायर सर मला हळूच बोलले, "लिंबू?"

"आज लागलंच नाय."

मोठे साहेब टोपीचं उरलेलं बघत होते. ते बोलले, "नायर, हा कसला डेटा आहे?" सर परत माझ्याकडं आले. तोंड उतरलेलं. "आजी, तुमचे यजमान त्या वाऱ्यात झाडाखाली सापडले होते ना?"

"नाय वो. चुलीपाशी बसलेले. लकवा झाला."

सर बांधावर बसले. बाळूनं त्यांना सगळं फोडून सांगितलं, वडापासून लिंबापर्यंत. मोठे साहेब जीपमध्ये बसून गेले, सरांना घ्यायचं विसरले. का मुद्दाम ठेवून गेले.

खळ्यात निम्मा ढीग तसाच. आभाळ काळं. मी तिवईवरनं उतरली नाय. उतरली असती तर परत चढवलं नसतं.

दिवस कलला तसं आभाळ घाटाच्या बाजूनं फाटलं. समोरनं, उगवतीकडनं गार लागलं. गार हवा सिद्धगडाच्या अंगानं येत होती, आधी पायाला, मंग पदराला.

"आजी, डोंगर," सर बांधावरनं बोलले.

"कळलं. तिवई फिरवा."

सरांनी मला वरच ठेवून तिवई फिरवली, पाठ उगवतीला आली. मंग बाही वर करून सुपं भरून द्यायला लागले, बाळू खालचं ओढायला. अंधार पडायच्या आत खळं साफ झालं. बाळूनं माझा वाटा मोजून दिला नि पोतं घरापर्यंत आणलं.

पाऊस आलाच नाय. पुढचा महिनाभर ऊन.

त्या भाताला वर्षभर धुराचा वास होता. डॉक्टरनं म्हाताऱ्याची बिडी बंद केलेली. तो अर्ध्या तोंडानं बोलायचा, "बिडी ओढल्यासारखं लागतं," नि परत वाढ म्हणायचा. अंगावर जरा मास आलं त्याच्या.

पवनचक्क्या काय आल्या नाय. टॉवर काढून नेला. जाव मला विचारायला लागली, "का गो नेला?"

मी बोलली, "त्यांना सातही दिवसाचं पायजे होतं. तुझं एकाच दिवसाचं."

"मंग मला विचारायचं तरी," ती बोलली.

आता कोण वारं विचारायला आला की मी आधी विचारते, अंगातलं, अंगावरचं, का उपणायचं. मंगच तोंड उघडते.