कंकणद्वीपातली फट

या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिताना, हसत हसत वाचत आले. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही... आणि खरं सांगायचं तर या गोष्टीत भूत नाहीच. म्हणूनच ती कुठे बसवायची ते मला कळत नाही.

२०१४ सालची गोष्ट. आम्ही परदेशात, पुंगोल नावाच्या उपनगरात राहायचो — अकरावा मजला, खिडकीतून एलआरटी ही छोटी लोकल ट्रेन दिसायची. मी वन-नॉर्थ या ऑफिसांच्या भागातल्या एका छोट्या कंपनीत होते. जुने सागरी नकाशे स्कॅन करून त्यावरून जहाजांसाठी डिजिटल नकाशे काढायचे, हे आमचं काम. आई गेल्यावर बाबांना मी कराडहून इकडे आणलं होतं. ते पोस्टातून रिटायर झालेले. इथे आल्यावर दोन महिन्यांत त्यांना स्ट्रोक आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. नऊ महिने एक शब्द नाही. डॉक्टर म्हणायचे, येईल किंवा येणारही नाही. मी रोज सकाळी मुद्दाम विचारायचे, साखर बरोबर आहे ना, बाबा? तेवढ्या एका 'हो'साठी जीव टांगणीला लागलेला असायचा.

त्या शनिवारी दुपारी मी घरून काम करत होते. हिंदी महासागरातलं एक निर्जन बेट — शाळेच्या भूगोलात कंकणद्वीप म्हणतात ते. प्रवाळाचं गोल कडं, मध्ये उथळ पाणी, कडेला वाळूचे चार पट्टे आणि थोडे माड. जवळची वस्ती बोटीने दोन दिवसांवर. एकेकाळी खोबरं वाळवायला तिथे माणसं नेऊन ठेवली होती. विहीर खारट झाली, माणसं निघून गेली. तेव्हापासून फक्त पक्षी आणि खेकडे.

तो नकाशा वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेला. अशा कागदाच्या घडीवर जे काढलेलं असतं ते झिजून जातं, स्कॅनमध्ये तिथे नुसता पांढरा पट्टा येतो. सॅटेलाइट फोटोतही नेमका तिथेच ढग. अशा ठिकाणी 'खात्री नाही' अशी खूण करायची असते. मी आळस केला आणि दोन टोकं जोडून कडं पूर्ण करून टाकलं.

बाबा शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी हात पुढे केला आणि स्क्रीनवर बरोबर त्या जोडावर बोट ठेवलं.

"इथे फट आहे," ते म्हणाले.

मी जागची हललेच नाही. माझा नवरा मंदार स्वयंपाकघरात पोहे परतत होता, तो हातात कालथा घेऊन दारात आला.

"दोन होड्या जातील एवढी. पांढरा खडक डाव्या हाताला ठेवायचा." मग जरा थांबून, "आत वारा लागत नाही."

आवाज अगदी साधा, काउंटरवरून कुणाला पत्ता सांगावा तसा. मी दोनदा विचारलं, बाबा, तुम्हाला कसं माहीत? ते स्क्रीनकडेच बघत राहिले. मग मी उठले आणि आतल्या खोलीत नकाशाचा मोठा प्रिंट शोधायला गेले. तीन-चार मिनिटं लागली असतील. परत आले तेव्हा बाबा गप्प होते. प्रिंटवरही त्या जागी घडीच होती.

सोमवारी मी कडं पुन्हा उघडं केलं. माहिती कुठून मिळाली हा रकाना रिकामा सोडता येत नाही. मी लिहिलं — स्थानिक माहिती. आमचा बॉस हसत म्हणाला, स्थानिक कोण? तिथे तर कुणीच राहत नाही.

तीन आठवड्यांनी, ज्या जुन्या मोजणीवरून तो नकाशा काढला होता तिच्या हस्तलिखित वहीचं स्कॅन आलं. आमच्यापैकी कुणीही ते आधी पाहिलं नव्हतं. त्यात बरोबर त्याच जागी, कड्याच्या पश्चिमेला, फटीची नोंद होती. दोन होड्या शेजारी-शेजारी जाऊ शकतात, पांढरा खडक डावीकडे ठेवावा... वाऱ्याबद्दल काही नव्हतं. मी कराडला आत्याला फोन केला. ती म्हणाली, अगं, तो कृष्णेच्या घाटावर पायसुद्धा भिजवायचा नाही, होडीत कुठला बसतोय!

त्यानंतर बाबा बोलले नाहीत. पुढच्या वर्षी गेले.

दहाव्याच्या दिवशी मंदारने मला बाजूला घेतलं. म्हणाला, तुला लागेल म्हणून इतके दिवस सांगितलं नव्हतं. मी प्रिंट शोधत होते तेव्हा बाबांनी मान वळवून माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं होतं आणि स्वच्छ आवाजात विचारलं होतं, "शुभा कुठे गेली?"

मंदारने आत आहे म्हणून सांगितलं. मला हाक मारायचं त्यालाही सुचलं नाही.

त्यांना ती फट कशी कळली, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा. पण नऊ महिने ज्या आवाजाची वाट पाहिली तो कानावर पडत असताना मी उठून एक कागद शोधायला का गेले... तेही मला कळलेलं नाही.