न वळलेली होडी

आंतोन गेल्याचं त्याच्या बायकोने, फिलोमिनाने, फोन करून सांगितलं. सकाळचे अकरा वाजले असतील. नायगावला मुलाच्या फ्लॅटमध्ये चौदाव्या मजल्यावर मी भाजी निवडत होते. फोन ठेवला आणि रडू यायच्या आधी मला राग आला. असा न सांगता कसा गेला हा माणूस? माझं एक बोलणं राहिलं होतं त्याच्याशी. बावीस वर्षं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं, 'वादग्रस्त कादंबरीकार आणि पटकथालेखक यांचे निधन', आणि राग आणखी वाढला. वादग्रस्त म्हणे! जसा काही वाद त्याला सर्दी व्हावी तसा आपोआप झाला होता. तो वाद आम्ही केला होता. त्यातला निम्मा मी, स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात... त्याच्या महिन्याच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत, मी एका जागी धड बसू शकले नाही. आता लिहायला बसले आहे, तरी दर चार ओळींनी उठते आहे.

आम्ही एकाच कोळीवाड्यातले, एका इयत्तेतले. माझे वडील होडीवर तांडेल, म्हणजे होडी हाकणारे. त्याची आई बाजारात म्हावरं, म्हणजे मासळी, विकायची. मी शिकून मराठीची शिक्षिका झाले. आंतोन कुठेच टिकला नाही. सातिवलीच्या एका गाळ्यात पॅकिंगला होता, तिथे बसायला जागा नसे, म्हणून उभ्या उभ्या खोक्यांच्या झाकणांवर गोष्टी लिहायचा. उभं राहून लिहायची खोड त्याला तिथेच लागली ती मरेपर्यंत सुटली नाही. ती झाकणं तो माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला आणी. मी लाल पेनाने खुणा करून शाळेतल्यासारखे दहापैकी गुण देई. सातच्या वर त्याला मी कधी चढू दिलं नाही. सोबतच्या चिठ्ठीखाली नाव नसलं तर एक गुण आणखी कापायचे. पत्रलेखनाचा तो नियमच होता माझा. "मास्तरीन, तू देवाला पन पास नाय करनार," तो म्हणायचा आणि खोलीभर येरझाऱ्या घालत राहायचा. त्याला बस म्हणणं म्हणजे वाऱ्याला बस म्हणणं. जेवताना भाताचा घास हातात घेऊन खिडकीशी जाई.

पहिल्या दोन कादंबऱ्यांनी त्याला नाव मिळालं. मिठागरांवरच्या कादंबरीने शत्रूही मिळाले, पण ते लांबचे. मग सिनेमावाल्यांनी त्याला अंधेरीला बोलावणं सुरू केलं. तिथून तो परत आला की ऐकत बसावं. "कोलीन म्हटली की त्यांना कंबरेवर हात ठेवून भांडनारीच पायजे. मी म्हटलं, माजी आय शांत बोलते. तर म्हणे, शांत बोलनारी चालनार नाय." चिडायचा, पुन्हा जाणार नाही म्हणायचा आणि पुढच्या आठवड्यात जायचा. घर चालायचं त्यावर, शिवाय त्याला ते आवडायचंही. त्याला मी ढोंगी म्हटलेलं आहे, तोंडावर. त्यावर तो हसला होता.

त्या सुमारास माझे बाबा वारले. जाण्याआधी दोन दिवस त्यांनी मला जवळ बोलावलं आणि एक गोष्ट सांगितली. माझ्या लहानपणी त्यांचा जिवलग मित्र समुद्रात बुडाला होता. भरदुपारी वादळ उठलं आणि त्याची होडी उलटली. बाबा आणि माझा काका दुसऱ्या होडीत होते. बाबांनी त्याला खूप शोधलं, जिवावर उदार होऊन शोधलं, असं सगळा गाव जाणत होता. मित्राच्या विधवेच्या दारात पुढे कित्येक वर्षं ते रोज आपल्या म्हावऱ्यातला वाटा ठेवून येत. गावात त्यांचा मान होता तो यामुळेच. त्या दिवशी बाबा म्हणाले, "मी शोधलं नाय. तो मना नावानं हाका मारीत होता. मी ऐकल्या. होडी वलवली नाय." काका तर आधीच गेला होता. आता हे जगात मला एकटीला माहीत होतं.

आठवडाभर मी ते कसंबसं पोटात ठेवलं. मग बंदरावर आंतोन भेटला आणि माझ्याकडून सगळं बोलून झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला खाली बसलेलं पाहिलं. दोरांच्या ढिगावर बसूनच त्याने विचारलं, "लिवू?" मी म्हटलं, लिही, फक्त बाबांचं नाव नको. हे मला नीट लिहू द्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. त्याने विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

दोन वर्षांनी ती कादंबरी आली. तिचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. आमच्या गावात ते अजून शिवीसारखं उच्चारतात. त्याने नावं बदलली होती, गाव बदललं होतं. पण आमच्याकडे एक गोष्ट देवाच्या आज्ञेसारखी मानतात, की दर्यात हाक आली तर होडी वळते, मग हाक वैऱ्याची का असेना. कादंबरीतला तांडेल वळत नाही. बाबांवर कोणाचाच संशय गेला नाही, आणि हीच खरी पंचाईत झाली. एका माणसाचा अपमान असता तर एकच घर रागावलं असतं. हा सगळ्यांचा होता. सभा भरली. निषेधाचं निवेदन काढायचं ठरलं आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "मास्तरीन, तूच लिव. तुजी भाषा चांगली." मी काय केलं असेल? लिहिलं. दोन पानं लिहिलं. 'आमच्या दर्याने कोणाची हाक कधी वाया जाऊ दिलेली नाही,' हे वाक्य माझं. लिहिताना ते मला आवडलंही होतं, हे आणखी वाईट. खाली साऱ्या गावाने सह्या केल्या, बाबांच्या त्या मित्राच्या विधवेनेही, ज्यांना मी काकी म्हणते, केली. मी तेवढी केली नाही. लेखनिकाने सही करायची नसते, अशी मी माझी समजूत घातली.

सभेत आंतोनला उभं करून विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? मी तिसऱ्या रांगेत बसले होते. एका नावात तो सुटला असता. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "कोनी नाय. माज्या मनाचं लिवलं." त्यानंतर त्याच्याशी कोणी बोलेना. लिलावात त्याच्या आईच्या बोलीला कोणी दाद देईना. तिने बाजारात बसणं सोडलं. शेवटी आईला घेऊन तो बायकोच्या माहेरी, नंदाखालला, नारळी-केळीच्या वाडीत राहायला गेला. दर्यावरचा माणूस शिंपण्याच्या पाटाकडे बघत राहिला. आणि तिथून, महिन्याभरात, त्याने मला नव्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं पाठवली, शुद्धलेखन तपासायला. मी तपासली. सहा गुण दिले. अशीच वर्षं गेली. सभेचा विषय त्याने काढला नाही, माझंही तोंड उघडलं नाही.

मग त्या तांडेलाच्या कादंबरीवर सिनेमा झाला, संवाद त्याचेच. मी एकटीच विरारला जाऊन पाहिला. गावचा पाटील सभेत उभा राहतो आणि म्हणतो, "आमच्या दर्याने कोणाची हाक कधी वाया जाऊ दिलेली नाही." थिएटरात टाळ्या पडल्या. आणि शेवटी, कादंबरीत नसलेलं झालं. पडद्यावरची होडी वळली! म्हाताऱ्या तांडेलाने सुकाणू फिरवलं आणि मित्राला वर ओढून घेतलं. त्यावर केवढा गदारोळ झाला! शहरातल्या ज्या समीक्षकांनी कादंबरीसाठी त्याची पाठ थोपटली होती तेच लिहू लागले, की हा विकला गेला, निर्मात्यासमोर झुकला. मीही तणतणत नंदाखालला गेले. तो ओटीवर येरझाऱ्या घालत होता. "सगळ्यांसमोर शेण खाल्लंस," मी म्हटलं. "शेवट का बदललास?" तो चालायचा थांबला नाही. "तुजा बा एकदा तरी वलू दे म्हटलं," तो म्हणाला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. माफ कर, एवढे दोनच शब्द. मी पाणी मागितलं, प्यायले आणि संध्याकाळची बस गाठली.

महिन्याच्या मिस्सेनंतर फिलोमिनाने मला ओटीवर नेलं. तांबड्या लाद्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या पावलांनी रंग उडून वाट पडली आहे. खिडकीच्या ज्या कट्ट्यावर तो उभा राहून लिही, तिथली एक फाईल तिने मला दिली. "तुझंच हाय म्हणाला होता." आत ते निवेदन होतं. माझ्या अक्षरातलं, मूळ. कोणाकडून आणि कधी मिळवलं, देव जाणे. वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलं होतं, दहापैकी नऊ. एक गुण कशाचा कापला ते कुठे लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. मी पान उलटलं, सगळ्या सह्या पाहिल्या, आणि तिथेच लादीवर बसून पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. माझी त्यांत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गावात काकींकडे गेले. त्या आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. कोळंबी सोलत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं, हाकांसकट. त्यांचे हात थांबले नाहीत. "मना ठाव होतं," त्या म्हणाल्या. "तुजा बा वाटा ठेवून जायचा, पन उंबऱ्याच्या आत कधी आला नाय. पानी पन नाय घेतलं माज्या घरचं. तवाच समजली मी." मी विचारलं, मग सही का केलीत? त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "पोरांच्या तोंडी म्हावरं तुज्या बापानं घातलं होतं. काय करू? आन तू? तू तर शिकलेली... माजं जाऊ दे. आंतोनला तरी सांगायचं होतंस गो, जिता होता तवर." मग हात पुसत म्हणाल्या, "आता गावाला सांग. माजं नाव नको घालू."

त्यांचं नाव घातलेलं नाही. हा लेख छापायला द्यायच्या आधी मुलगा म्हणाला, "आई, नाव न छापता दे ना, कशाला लफडं?" त्याचंही बरोबर आहे, गावात आमचं घर अजून आहे. पण पत्राखाली नाव नसलं तर मी स्वतः एक गुण कापत आले. त्या वादग्रस्त कादंबरीतली गोष्ट खरी आहे. ती आंतोनला मी सांगितली, त्याने विचारून लिहिली, आणि त्याच्याविरुद्धचं निवेदनही मीच लिहिलं.

मी एस्तेर, पेद्रू तांडेलाची मुलगी.