वैजयंतीबाईंचं गरम ताट

करमाळ्यात कोर्टामागच्या गल्लीत वैजयंतीबाईंची खाणावळ आहे. पाटीबिटी काही नाही. बदलून आलेला मास्तर असो, बँकेतला कारकून असो की नुकतं मिसरूड फुटलेला कॉलेजकुमार, दुसऱ्या दिवशीच कुणीतरी त्याला तिथं आणून सोडतं. नवरा अकाली गेला, पदरात ऋतुराज नावाचा पोरगा आणि हाताला चव. एवढ्या भांडवलावर बाईंनी संसार रेटला, पोराला इंजिनिअर केलं. त्यात काय काय सोसलं ते सांगत बसायला नको, ते त्यांनाच आवडत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. खाणावळीत वाढणारी शेवटी जेवते. शेवटचं गिऱ्हाईक ढेकर देत गेलं, ओटा पुसून झाला की मग बाई ताट घेणार. तोवर भाजी गार आणि भाकरी वातड. वर्षानुवर्षं त्यांनी गारच खाल्लं. याहून वेगळं काही असतं हेच माहीत नसल्यामुळं त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही.

ते कळलं गुरुशांत हत्तुरे या बँक मॅनेजरांमुळं. हत्तुरेसाहेब तीन वर्षं बाईंकडं जेवले. सोलापूरला बदली झाल्यावर त्यांनी होटगी रोडवरच्या एका भारी हॉटेलात बाईंच्या नावानं एका दिवसाची खोली घेतली आणि फोन केला. "वहिनी, मला एवढं वाढलंत. एक दिवस तुम्हाला कुणीतरी वाढू दे."

बाई गेल्या, पण जीव मुठीत धरून. काचेचं दार आपोआप उघडलं तेव्हा त्या दोन पावलं मागं सरकल्या. खोलीतल्या पलंगावर पांढरीशुभ्र चादर इतकी ताणून घातलेली, की तिच्यावर बसायचं पाप कोण करणार म्हणून तासभर खुर्चीतच बसून राहिल्या. जेवायच्या दालनात तर पहिल्याच घासाला फजिती झाली. निंगप्पा नावाच्या वाढप्यानं अदबीनं विचारलं, "अजून काही घेणार, मॅडम?" बाई रीतीप्रमाणं "नको" म्हणाल्या. आपल्याकडं पहिलं नको हे काही खरं नको नसतं. ते म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करायचा, मग आढेवेढे घेत अर्धी भाकरी घ्यायची. पण इथं "नको" म्हणताच ताट उचललं गेलं! बाई अर्धपोटी, त्या जाणाऱ्या ताटाकडं बघत राहिल्या.

निंगप्पा अक्कलकोटकडचा. हॉटेलच्या कोटाच्या आत माणूस आपलाच होता. त्यानं दारातून वळून पाहिलं, आणि नवं ताट, वाफाळती भाकरी घेऊन उलट पावली आला. "चुकलं की वैनी माझं. आमच्यात बी पयलं नको मोजत न्हाईत. घ्या, गरम हाय तवर घ्या."

त्या भाकरीनं बाईंची जीभ भाजली आणि डोळ्यांत पाणी आलं. लग्न झाल्यापासून "गरम आहे तोवर घे" असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून वर्षातून दोनदा, भांडी आणि मसाले आणायला सोलापूरला आल्या की बाई त्याच हॉटेलात उतरतात. स्वतःच्या कमाईनं. हौसेला मोल नसतं. गल्लीतल्या बायकांनी आधी नाकं मुरडली, मग तिथला साबण कसा असतो ते विचारायला लागल्या. वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसावं म्हणतात. बाईंना तर खिडकीजवळचं टेबल मिळायचं. निंगप्पा त्यांना बघितलं की शिकवलेलं इंग्रजी विसरून कानडीत "बर्री, बर्री वैनी", या या, करत पुढं यायचा. त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत, असं बाई उघड बोलून दाखवतात.

ऋतुराजला मात्र हे खूळ वाटायचं. पुण्यात बसून तो उंटावरून शेळ्या हाकायचा. "आई, जेवायला कुणी सोलापूरला जातं का? इकडं ये, याच्या दसपट हॉटेलं दाखवतो." बाई हसण्यावारी न्यायच्या. तिथं काय मिळतं ते त्याला सांगायचं कसं? मला कुणी वाढत न्हाय, असं पोराला म्हटलं तर त्याच्या काळजाला लागेल. त्यापेक्षा एकदा त्यानं डोळ्यांनीच बघावं. आपली आई खुर्चीत बसली आहे आणि तिच्यापुढं कुणीतरी गरम ताट ठेवतंय, एवढं त्याला दिसलं की झालं.

यंदा दिवाळीनंतर तो सोबत यायला तयार झाला, तेव्हा बाईंनी ठेवणीतलं इरकल काढलं. वाटेत त्या शाळेतल्या पोरीसारख्या बडबडत होत्या.

आणि नेमकं त्याच दिवशी हॉटेलात मोठं वऱ्हाड उतरलेलं. दुपारच्या जेवणाला सरसकट बुफे. खिडकीजवळच्या टेबलावर वरमाईच्या बहिणी बसल्या होत्या. निंगप्पा चार ताटल्या सावरत लांबूनच हात जोडून पळाला. ऋतुराज म्हणाला, "ठीक आहे ना, घेऊ आपलं आपण," आणि फोन कानाला लावून बाजूला गेला. बाईंनी हातात रिकामी थाळी घेतली. त्यांना रडू येईल असं वाटलं. एवढी पोराला घेऊन आले, आणि हितं बी आपलंच आपण वाढून घ्यायचं!

वरणभातापाशी उभा असलेला माणूस भरलेलं पातेलं आणायला आत गेला होता. बाईंच्या पुढं एक म्हातारी. हात थरथरत होता, डावातलं वरण थाळीत कमी आणि टेबलावर जास्त. बाईंच्यानं ते बघवलं नाही. स्वतःची थाळी बाजूला ठेवून त्यांनी डाव घेतला, म्हातारीला वाढलं. तोवर पुढची थाळी आली. तिला वाढलं, तर तिच्यामागं तिसरी. "मावशी, भात जरा कमी." "ओ मावशी, तूप कुठाय?" हात असा सवयीचा, की एकदा चालू झाला की थांबायचं नाव नाही. बघता बघता बाईंपुढं रांग लागली.

त्या रांगेत फोनकडं बघत एक तरुण आला. थाळी पुढं करून, मान वर न करता म्हणाला, "थोडा भात."

बाईंनी वाढला. तो दोन पावलं गेला आणि थांबला. थाळीतल्या भाताला मधोमध खळगं केलं होतं, त्यात वरण, आणि लिंबाची फोड भाताला न टेकता लांब ठेवलेली. असं जगात एकच माणूस वाढतं. ऋतुराजनं वर पाहिलं.

"आई?"

"आरं, त्यो मानूस आत गेलाय, म्हातारीला घेता येईना म्हणून जरा..." बाई ओशाळून हसल्या. कपाळावर घाम होता.

ऋतुराजचा चेहरा पडला. फोन खिशात गेला. तो वळसा घालून आला, त्यानं आईच्या हातातला डाव काढून घेतला, तिला धरून एका टेबलाशी नेऊन बसवलं. "काय आणू तुला?"

"काय बी आण. मला समदं चालतं."

रिकामी थाळी घेऊन तो इतक्या सगळ्या पदार्थांपुढं जाऊन उभा राहिला. उभाच राहिला. बाईंना वाईट वाटलं; उठावं आणि म्हणावं, राहू दे, मी घेते. तेवढ्यात निंगप्पा शेजारून चालला होता. ऋतुराजनं त्याला अडवलं. हलक्या आवाजात विचारलं, पण बाईंना ते ऐकू आलं.

"काका, माझ्या आईला काय आवडतं?"

निंगप्पानं हातातल्या ताटल्या खाली ठेवल्या. "वैनींना व्हय? पिठलं आवडतं, पातळ. गोडाचं लई न्हाय. वांग्याचं देठ काढून द्या, आनि शेवटाला दहीभात. भाकरी मी आतून आनतो, तव्यावरची. तुमी फकस्त गार होऊ देऊ नका."

ऋतुराज ते ऐकताना परीक्षेतल्या पोरासारखा मान हलवत होता. थाळी घेऊन तो आला, आईपुढं ठेवली, आणि बसला नाही. उभाच राहिला. "खा, आई. गरम आहे तोवर खा."

'तू आधी जेव', हे शब्द बाईंच्या तोंडात अगदी तयार होते. तो घरी होता तोवर दर दिवशी दोन्ही वेळेला म्हटलेले. त्यांनी ते गिळले आणि भाकरीचा तुकडा मोडला.