टेबलामागे मी, पाहुण्याच्या खुर्चीत नवरा

मंडळी, हसत हसतच ही ईमेल लिहितेय!

आमचे हे जहाजावर इंजिनिअर. अमेरिकेतून तिथल्या लेट-नाइट टॉक शोच्या टेप आणतात. टेबलामागे सुटातला यजमान, शेजारच्या खुर्चीत पाहुणा आणि मनमोकळ्या गप्पा! आज इथे सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात मी तसंच टेबल मांडलं.

"यजमान बाई? कोणी हसणार नाही," मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले.

पहिला पाहुणा नवराच. घरी काहीही विचारा, उत्तर एकच: "ठीक."

मी विचारलं, "वादळात जेवता कसे?"

"ताट आपलं, आमटी शेजाऱ्याच्या मांडीवर!"

हॉल हसून लोळला. सेक्रेटरींनी तर डोळे पुसले. आणि आमचे हे बोलायचे थांबेचनात!

आत्ताच बुकित पंजांगला घरी आलो. जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून हे म्हणतायत, "विचारा, मॅडम."

थांबते, मंडळी. माझा शो सुरू झालाय!